घरच्यासारखी

बँकेत असताना एक शब्द रोज कानांवरून जायचा : 'ॲट पार'. शेअर दर्शनी किमतीला विकला तर तो 'ॲट पार'. परगावचा चेक वटणावळ न कापता वटला तर तोही 'ॲट पार'. ना अधिक, ना उणे. निवृत्तीनंतर या शब्दाशी पुन्हा गाठ पडेल असे वाटले नव्हते. ती पडली माझ्या भाचीच्या मुलीमुळे, आणि तीही फ्रेंच पेहरावात. २०२२ सालच्या उन्हाळ्यात ती पेढे घेऊन आली आणि म्हणाली, "मावशीआजी, मी ल्योंला चाललेय. ओ पेर म्हणून."

'ओ पेर' म्हणजे शब्दशः बरोबरीच्या नात्याने. परदेशी तरुणीने (अलीकडे तरुणानेही) एखाद्या कुटुंबात राहायचे, त्यांची मुले सांभाळायची, हलक्या घरकामाला हातभार लावायचा. बदल्यात राहणे, जेवण, थोडा हातखर्च आणि त्या घराची भाषा मिळवायची. ती नोकर नव्हे आणि पाहुणीही नव्हे. मग कोण? १९६९ साली स्ट्रासबुर्ग येथे युरोपच्या परिषदेने या व्यवस्थेसाठी एक करार केला. त्याच्या प्रस्तावनेतच म्हटले आहे की, ही मंडळी विद्यार्थी या वर्गातही मोडत नाहीत आणि कामगार या वर्गातही नाहीत. दोन्हींचे गुण असलेला हा एक वेगळाच वर्ग आहे. कायद्याने इतक्या प्रांजळपणे खांदे उडवलेले मी क्वचितच पाहिले आहेत.

फ्रान्समध्ये २०१९पासून या तरुणांसाठी स्वतंत्र निवास परवाना आहे. वय अठरा ते तीस, काम आठवड्याला जास्तीत जास्त पंचवीस तास, एक पूर्ण दिवस सुट्टी, हातखर्च महिन्याला किमान ३२० युरो. आकडे दिसले की माझा हात आपोआप कागदाकडे जातो. महिन्याचे तास साधारण एकशे आठ. म्हणजे तासाला जेमतेम तीन युरो. तिथले किमान वेतन तासाला अकरा युरोंच्या वर आहे. मधली रक्कम कशातून फिटते? खोली, जेवण, भाषा आणि 'घरच्यासारखे वागवणे' यांतून. पहिल्या दोन गोष्टींची किंमत लावता येते. शेवटची कोणत्या खात्यात लिहायची?

ल्योंमध्ये आमच्या मुलीचे घर क्रोआ-रूसच्या टेकडीवर होते. हा रेशीम विणकरांचा जुना मोहल्ला. जाकार्ड माग मावावेत म्हणून इथल्या घरांची छते चार-चार मीटर उंच. विणकराचे कुटुंब खाली मागावर राबे आणि वर लाकडी पोटमाळ्यावर झोपे. माग गेले, पोटमाळे राहिले. तिचा बिछाना अशाच एका पोटमाळ्यावर होता. सकाळी मुलांना शाळेत सोडायचे, मग स्वतःचा भाषेचा वर्ग. साडेचारला मुलांना आणायचे, पावात चॉकलेटची वडी घालून 'गूते' द्यायचे, आंघोळी, गृहपाठ. फ्रान्समधल्या बहुतेक प्राथमिक शाळांना बुधवारी सुट्टी असते, तेव्हा तो दिवस सर्वांत लांब. सहा वर्षांचा धाकटा तिच्या व्याकरणाच्या चुका निर्दयपणे सुधारी. "वर्गात शिकले त्याहून जास्त त्याच्याकडून शिकले," असे ती सांगते.

तिला सर्वांत जड गेले ते घरातल्या बाईंना पहिल्या नावाने हाक मारणे. काकू नाही, ताई नाही, एकेरी 'तू'. तिला वाटले, हीच ती बरोबरी. पण तीन महिने झाले आणि तिच्या ध्यानात एक गोष्ट आली. मुले झोपल्यावर नवराबायको बाहेर जात, तेव्हा कुणी तिला विचारीत नसे. "तू घरातच आहेस ना?" एवढेच म्हणत. ती घरातच असे. घरातली माणसे घरातच असतात, त्यांचे तास कोण मोजतो?

फ्रान्सला हा प्रश्न नवा नाही. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये उभ्या राहिलेल्या श्रीमंती इमारतींत अगदी वरच्या मजल्यावर छपराखाली मोलकरणींच्या चिमुकल्या खोल्या असत आणि तिथे जाणारा जिना वेगळा असे. त्या खोल्यांत ब्रिटनी प्रांतातून आलेल्या हजारो मुली राहिल्या. १९०५ साली मुलींच्या एका साप्ताहिकात अशाच एका ब्रिटनीच्या मोलकरणीची चित्रकथा सुरू झाली, तिचे नाव बेकासीन. गोल चेहरा, हिरवा झगा, भाबडी, प्रेमळ, मालकिणीवर जीव टाकणारी. सारे फ्रान्स तिच्या प्रेमात पडले. चित्रकाराने मात्र तिला बहुधा तोंडच काढले नाही.

१९६६ साली सेनेगलचे लेखक-दिग्दर्शक उस्मान सेंबेन यांनी 'ला न्वार द...' हा चित्रपट काढला. 'अमक्याची काळी बाई' असे त्या नावाचे भाषांतर करता येईल. अमका कोण ते नावात सांगितलेलेच नाही. डकारची दियुआना एका फ्रेंच जोडप्याबरोबर आंतीबला येते. मुले सांभाळायची आहेत, फ्रान्स पाहायचे आहे, असे ती समजून असते. प्रत्यक्षात स्वयंपाक, धुणे, फरशी. समुद्र खिडकीतून दिसतो तेवढाच. शेवटी ती आत्महत्या करते. तिला मारहाण होत नाही, कोंडून घातले जात नाही. फक्त ठरले होते एक आणि झाले दुसरे, आणि ते बोलून दाखवण्याची सोय तिच्यापाशी नव्हती.

दियुआनाकडे परतीचे तिकीट नव्हते आणि कराराचा कागदही नव्हता. आमच्या मुलीकडे दोन्ही होते, हा फार मोठा फरक. तिने एक वही केली. तारीख, किती ते किती, काय केले. महिन्याअखेर ती वही तिने जेवणाच्या टेबलावर ठेवली. पंचविसाच्या जागी कधी चौतीस, कधी छत्तीस. बाईंचा चेहरा उतरला. "आम्ही तर तुला घरच्यासारखी मानतो," असे त्या म्हणाल्या, आणि ते खोटे नव्हते. दोन दिवस घरात अबोला होता. तिसऱ्या दिवशी बाईंनी शीतकपाटावर आठवड्याचा तक्ता लावला. संध्याकाळी बाहेर जायचे असेल तर आधी विचारायचे आणि जादा पैसे द्यायचे, असे ठरले. गंमत अशी की, त्यानंतरच त्या दोघींची खरी मैत्री झाली. ती परत आली त्याला आता बराच काळ लोटला, तरी तिच्या वाढदिवसाला धाकट्याचे चित्र येते.

हे सारे ती मला कौतुकाने सांगत होती आणि मी अस्वस्थ होत होते.

घरच्यासारखी हा शब्द आपलाच तर आहे. वार लावून जेवणाऱ्या मुलांच्या कथा आपण अभिमानाने सांगतो. त्या मुलांनी जेवणाआधी किती घागरी पाणी भरले ते सांगत नाही. आणि दूर कशाला जाऊ? १९९१ साली माझी धाकटी दोन वर्षांची होती. आम्ही दोघेही बँकेत. यजमानांच्या गावाकडच्या नात्यातली एक मुलगी आम्ही घरी आणली. "मुलांकडे बघेल, रात्रीच्या शाळेत जाईल, दहावीला बसेल," असे मीच तिच्या आईला म्हणाले होते. ती साडेचार वर्षे राहिली. सहामाही आली, वर्षअखेर आली की आम्हाला घरी यायला रात्रीचे दहा वाजत. रात्रीची शाळा सातला भरायची. आमच्या ताटात असे तेच तिच्या ताटात असे, दिवाळीला माझ्या मुलींबरोबर तिलाही कपडे असत. दहावीला ती बसली नाही. लग्नात आम्ही साडी आणि कानातले केले. पुढे कितीतरी वर्षे मी लोकांना सांगत होते, आमच्याकडे ती अगदी घरच्यासारखी राहिली. तीही कधी काही बोलली नाही.

त्या 'सारखी'मध्ये किती जागा आहे, हे मला साठी उलटल्यावर एका पोरीच्या वहीने दाखवले. शाखेत एका पैशाचा फरक आला तरी तो सापडेपर्यंत मी घरी जात नसे. घरी मात्र कुणी वही ठेवली नाही, म्हणून फरकही दिसला नाही.

परवा रात्री मी कागद घेऊन बसले. म्हटले, उशिरा का होईना, साडेचार वर्षांचे तास मांडून पाहावेत. सकाळी साडेपाच, असा पहिला आकडा लिहिला. दूध घ्यायला तीच उठायची. शेजारच्या रकान्यात ती झोपायची ती वेळ लिहायची होती. तिथे हात थांबला. ती किती वाजता झोपायची, हे मला माहीतच नव्हते. तिच्या आधी मी झोपलेली असे.