दोन मिलिमीटरचा भुंगेरा आणि आपलं अवाकाडो

ज्यांच्या परसात अवाकाडो आहे, त्यांनी आज जरा कान देऊन ऐका.

दालचिनी, तमालपत्र, कापूर, अवाकाडो ही सगळी झाडं एकाच कुळातली. इथल्या रानातले तावा, तरायरे आणि मांगेआओ हे त्यांचेच भाऊबंद. या कुळाचा वैरी ठरलेला रोग म्हणजे 'लॉरेल विल्ट'. न्यूझीलंडमध्ये तो अजून आलेला नाही.

2002 साली अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या पोर्ट वेंटवर्थ इथे, बंदराजवळ, आशियातला एक भुंगेरा सापडला. लांबी जेमतेम 2 मिलिमीटर. लाकडी खोक्यांतून आला असावा. भारतातही तो आहे, पण तिथे त्यानं असा कहर केलेला नाही. अमेरिकेत मात्र 'रेडबे' नावाची सुमारे 30 कोटी झाडं गेली, आणि 2012 साली फ्लोरिडातल्या अवाकाडोच्या बागाही सापडल्या.

गंमत म्हणजे हा भुंगेरा लाकूड खातच नाही. मादी खोडात बोगदा पाडते, जबड्याजवळच्या इवल्याशा पिशवीतून आणलेली बुरशी तिथे पेरते आणि त्या शेतीवर पिल्लं वाढवते. झाड बुरशीला अडवायला आपल्याच पाण्याच्या नळ्या बुजवतं आणि काही आठवड्यांत तहानेनं मरतं. पानं तपकिरी होऊन फांदीलाच लटकून राहतात. साल सोलली की आत काळे पट्टे दिसतात. शेजारशेजारच्या झाडांची मुळं जुळलेली असली, तर रोग जमिनीखालूनही सरकतो. शिवाय एकटी मादीसुद्धा नवी वसाहत उभी करू शकते: बिनमीलनाच्या अंड्यांतून नर होतात, आणि पुढे त्यांच्याशीच तिचा जोडा जमतो.

तरायरेचं टपोरं फळ अख्खं गिळून बी दूर नेणारा पक्षी आता केरेरूच उरलाय. झाड गेलं तर त्याच्या ताटातलं मोठं जेवण गेलं.

मग आपण काय करायचं? मसाल्याच्या डब्यातल्या वाळलेल्या दालचिनीतून हा भुंगेरा येणार, अशी भीती नको. तरी विमानतळावर ती जाहीर कराच. खरा धोका कच्च्या लाकडाचा. भारतातून सामान मागवताना लाकडी खोक्यावर 'आयपीपीसी'चा गव्हाच्या लोंबीचा शिक्का आहे ना, ते बघा. लाकूड आतपर्यंत 56 अंशांवर 30 मिनिटं तापवलेलं किंवा धुरी दिलेलं असल्याची ती खूण.

आणि झाड अचानक सुकलं, खोडातून भुशाच्या काड्या बाहेर आल्या, तर फांदी तोडून कुठे नेऊ नका. फोटो काढा आणि 0800 80 99 66 या बायोसिक्युरिटीच्या क्रमांकावर फोन करा.