वृक्षरुहा आणि वृक्षादनी

अमरकोशांत वन्दा या वनस्पतीस ‘वृक्षादनी’ व ‘वृक्षरुहा’ अशीं नांवें दिलीं आहेत. पहिल्याचा अर्थ झाडास खाणारी, दुसऱ्याचा झाडावर उगवणारी. वन्दा म्हणजे आपलें बांडगूळ. शाळेंत हीं नांवें शिकवितांना, जें झाडावर उगवतें तें झाडासच खातें, अशी आमची पक्की समजूत होती. जमैका बेटांतील एका वनस्पतीची माहिती वाचून ती ढासळली.

एक्मिया पॅनिक्युलिजेरा हें तिचें शास्त्रीय नांव. ती अननसाच्या कुळांतली. या कुळाच्या साडेतीन हजारांहून अधिक जाति, पश्चिम आफ्रिकेंतील एक वगळतां, साऱ्या अमेरिका खंडांत व लगतच्या बेटांत आढळतात. ही वनस्पति अरण्यांतील झाडांवर वाढते. तथापि तिचीं मुळें फांदीस केवळ घट्ट धरून राहतात. सालींत शिरून रस शोषीत नाहींत. तिच्या रुंद पानांच्या बेचक्यांत पावसाचें पाणी सांठतें, त्यांत पाचोळा कुजतो, आणि पानांवरील सूक्ष्म खवले तें पाणी व अन्न शोषून घेतात.

याच पाण्यांत एक लहानसा खेकडा संसार थाटतो. कुजक्या पानांनीं पाणी आंबट होतें व त्यांतील प्राणवायु घटतो. म्हणून खेकड्याची मादी पिलांसाठीं निवडलेल्या बेचक्यांतून पाचोळा उपसून काढते व गोगलगाईंचे रिकामे शंख आणून टाकते. शंखांतील चुन्यानें आंबटपणा मरतो व पिलांच्या कवचासही चुना मिळतो. चतुरासारख्या एका कीटकाच्या अळ्या पिलांस खातात, त्यांस ती मारते. पिलांस झुरळें आणून भरविते. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ रूडॉल्फ डीझेल यांनीं १९८९ पासून प्रसिद्ध केलेल्या निबंधांत हें वर्णिलें आहे.

म्हणजे परक्याच्या खांद्यावर राहणारी ही वनस्पति, त्याचा थेंबभर रस न घेतां, आणखी एक संसार सांभाळते!

हें वाचून आम्हांस एक जुना विद्यार्थी आठवला. वडील वारल्यामुळें तो मामांकडे राहत असे. पाठ चुकला म्हणून आम्हीं त्यास भर वर्गांत बांडगूळ म्हटलें. पहाटे विहिरीचें पाणी भरून व मामेभावंडांचा अभ्यास घेऊन मग तो शाळेंत येई, हें आम्हांस फार उशिरां कळलें. तोंवर त्यानें गांव सोडलें होतें.

एकत्र कुटुंबांत आश्रयास आलेलें कोणी ना कोणी असतेंच. त्यास नांव ठेवण्यापूर्वीं त्याचीं मुळें खरोखर रस शोषितात, कीं नुसता आधार धरून आहेत, एवढें तरी पाहावें. आम्हीं तें पाहिलें नाहीं.