दुसऱ्याचं मूल धक्काबुक्की करतं तेव्हा

सोसायटीच्या बागेत संध्याकाळी हे हमखास दिसतं. घसरगुंडीच्या शिडीवर चार वर्षांचं एक मूल रांग मोडतं, पुढच्या मुलीला ढकलतं. त्याची आई फोनवर असते, नाहीतर आजोबा लांब कट्ट्यावर गप्पांत रंगलेले असतात. अशा वेळी दुसऱ्या पालकाने बोलावं का?

शिडीवर ढकलाढकली असेल तर बोलायलाच हवं. उंचावरून पडून हात मोडणं ही बागेतली नेहमीची दुखापत आहे. तिथे पालकांना शोधत फिरायला वेळ नसतो. जवळ जावं, खाली वाकावं आणि शांतपणे सांगावं, "थांब, आधी हिचा नंबर, मग तुझा." आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग विशी ओलांडेपर्यंत घडत असतो, चौथ्या वर्षी तो फारच कच्चा असतो. त्यामुळे 'असं करू नको' यापेक्षा 'आता हे कर' लहान मुलांना लवकर उमगतं.

ओरडणं, दंड धरून ओढणं टाळावं. एक तर भांडण ठरलेलं. शिवाय आपलं मूल बघत असतं. १९६१मध्ये अल्बर्ट बांडुरा आणि सहकाऱ्यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीतल्या ७२ मुलांवर प्रयोग केला. मोठ्या माणसाला फुगवलेल्या बाहुल्याला बडवताना ज्यांनी पाहिलं, त्यांच्यातल्या अनेकांनी नंतर तस्संच केलं, त्याचे शब्दही उचलले.

आजोबा सापडलेच, तर तक्रारीचा पाढा नको. "काका, तो उंच चढलाय, जरा जवळ थांबता का?" एवढं पुरतं.