डॅफोडिल हवाय? आधी मुदखेडला विचारा!

शाळेच्या इंग्रजी पुस्तकात भेटलेला डॅफोडिल आता ऑनलाइन मिळतो. चार क्लिक केले, की कंद घरपोच! पण ऑर्डर द्यायच्या आधी दोन मिनिटं थांबा.

या पाहुण्याला फुलण्याआधी 12 ते 15 आठवडे सलग थंडी लागते, तीही नऊ-दहा अंशांच्या खाली. आमच्या नांदेड-लातूरकडे डिसेंबरची पहाट कुडकुडवते खरी, पण दुपारी पुन्हा ऊन! हौस दांडगीच असेल तर कंद कागदी पिशवीत घालून फ्रिजमधल्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. शेजारी सफरचंद-केळी नकोत, कारण पिकत्या फळांच्या इथिलिन वायूमुळे आतली कळीच मरते. पिशवीवर ठळक नावही लिहा. दिसायला कांदा, पण चक्क विषारी! एवढं करून फूल आलं, तरी आपल्या उन्हाळ्यानंतर तोच कंद पुन्हा फुलेल याचा भरवसा नाही.

मग मुदखेड कशाला? नांदेडजवळचं हे रेल्वे जंक्शन फुलशेतीसाठी ओळखलं जातं. गुलाब, मोगरा, गलांडा आणि निशिगंध! यातला निशिगंधही कंदातूनच येतो. तो मूळचा मेक्सिकोचा, त्यामुळे उन्हाशी त्याचं छान जमतं. म्हणूनच माझं मत निशिगंधाला.

मार्च ते मेमध्ये बारा इंची कुंडीत तीन टपोरे कंद दोन इंच खोल लावा. माती भुसभुशीत हवी, पाणी साचायला नको आणि रोज सहा तास तरी ऊन हवं. तीन-चार महिन्यांत दांडा येतो. सुगंध हवा तर 'सिंगल' घ्या, फ्लॉवरपॉटसाठी 'डबल'.

आता मुद्द्याची गोष्ट. फुलं संपली की दांडा कापा, पण हिरव्या पानांना हात लावू नका. पुढच्या बहराची शिदोरी पानंच कंदात भरतात. डॅफोडिललाही हाच नियम! निशिगंधाचा फुललेला कंद पुन्हा फुलत नाही, पण त्याच्याभोवतीची पिल्लं फुलतात. दोन-तीन वर्षांनी ती सोडवून लावली, की एका कुंडीच्या चार होतात.

तोवर बाजारातून घ्याच. सुटं फूल किलोवर विकलं जातं आणि दिवसभरात कोमेजतं. दसरा-दिवाळीला भाव चढतो, एरवी पडतो. पण शेतकऱ्याला तोडणी रोजच करावी लागते. शुक्रवारी ऑफिसातून निघताना अर्ध्या उमललेल्या चार काड्या घ्या, वीकएण्डभर घर दरवळेल!