देशी पाणवनस्पतींची ओळख व संग्रह

पुण्याच्या मंडईत विक्रीस येणारा शिंगाडा ही पाणवनस्पती सर्वांच्या परिचयाची आहे. मासे पाळण्याच्या काचेच्या पेटीस उपयुक्त अशा अन्य देशी पाणवनस्पतीही तळ्यांत व ओढ्यांत आढळतात. हायड्रिलाच्या प्रत्येक पेऱ्याभोवती साधारणतः ३ ते ८ दातेरी पाने असतात. व्हॅलिसनेरियाची फितीसारखी पाने बुडापासून निघतात. सेराटोफायलमला मुळे नसतात. फुगीर देठांची जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतील असून झपाट्याने फैलावते. ती आणू नये. गोळा केलेल्या वनस्पती स्वच्छ पाण्यात धुऊन गोगलगाई व त्यांची अंडी काढून टाकावीत. हायड्रिलाचा लहान तुकडाही पुन्हा वाढतो व त्याची दाटी कालव्याचा प्रवाह अडविते. यास्तव उरलेल्या वनस्पती विहिरीत वा कालव्यात न टाकता उन्हात पूर्ण वाळवून खतासाठी वापराव्यात.