आघाडी पुढे-मागे का होते?

४ जून २०२४. भाईंदरहून चर्चगेटला जाणाऱ्या लोकलमध्ये सगळ्यांच्या हातात लोकसभेचे निकाल. शेजारचे काका वैतागले, "सकाळी पुढे होता, आता मागे कसा?"

निवडणुकांचा नाद असल्याने मी लगेच सुरू झालो. 😄

मोजणी ८ वाजता टपाली मतांनी सुरू होते. अर्ध्या तासाने मतदान यंत्रं उघडतात.

प्रत्येक विधानसभा क्षेत्रासाठी साधारण १४ टेबलं. सगळ्या टेबलांवरचं एकेक यंत्र मोजून झालं की एक फेरी पूर्ण.

आपलं मिरा-भाईंदर ठाणे लोकसभेत येतं. सोबत ओवळा-माजिवडा, कोपरी-पाचपाखाडी, ठाणे, ऐरोली, बेलापूर. कुठल्या फेरीत कुठल्या वस्तीची यंत्रं येतात, त्यावर आघाडी हलते.

शेवटी प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या ५ केंद्रांच्या व्हीव्हीपॅट (म्हणजे मताची छापील नोंद असलेल्या) चिठ्ठ्या यंत्रांशी ताडून पाहतात. केंद्रं चिठ्ठ्या टाकून निवडतात.

शेवटपर्यंत थांबावं का? त्याच दिवशी मुंबई वायव्यमध्ये यंत्रांच्या मतांत अमोल कीर्तिकर अवघ्या १ मताने पुढे होते. टपाली मतं धरल्यावर रवींद्र वायकर ४८ मतांनी जिंकले!

टपाली मतांबद्दल काही विचारायचं असेल तर कमेंटमध्ये विचारा.