सुवर्णकमळ मिळवणारे मराठी सिनेमे
भुईगावच्या सिनेमावेड्यांनो, राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार १९५४मध्ये सुरू झाले आणि पहिलंच राष्ट्रपती सुवर्णपदक पटकावलं आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ने! अख्ख्या देशात पहिला नंबर मराठीचा. पुढे तब्बल पन्नास वर्षं थांबावं लागलं. २००४मध्ये संदीप सावंतांचा 'श्वास' सर्वोत्कृष्ट ठरला. मग 'देऊळ' (विभागून), 'कोर्ट', 'कासव'.

सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा पुरस्कार यापेक्षा वेगळा, त्याला रजतकमळ. २०२३च्या चित्रपटांतून तो सुजय डहाकेंच्या नव्या 'श्यामची आई'ला मिळाला. दोन्ही सिनेमे ज्यावर बेतले, त्या साने गुरुजींच्या पुस्तकाला पुन्हा मान!

'कासव'ची मात्र चर्चा फारच कमी झाली, असं मला वाटतं. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांचा हा सिनेमा कोकणच्या किनाऱ्यावर घडतो. आपण समुद्राकाठची माणसं, आपण तरी बघाच.